भाऊंना विचारून सांगते

मला पुढारी करायला आमच्या संस्थेला तीन दिवस लागले. त्यानंतर चार महिन्यांनी मी खरोखरच पुढारीपणा केला, तेव्हा त्याच संस्थेने माझ्यापुढे माफीचा टाइप केलेला कागद ठेवला. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. पुढे मी जळगावला दुसऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं काढली, नेतृत्वाची शिबिरं स्वतः घेतली, तक्ते रंगवले, खेळ खेळवले. पण शिबिराला आलेल्या बायकांना नेतृत्वाची व्याख्या मी कधी सांगितली नाही. त्यांना मी हा कागदाचा किस्सा सांगायचे. तो सांगताना माझा आवाज चढतो, असं माझ्या सहकाऱ्यांचं म्हणणं. चढतो तर चढतो.

मी मूळची असोद्याची. वडील प्राथमिक शिक्षक, घर बौद्ध, आणि घरात एक नियम होता की नमस्कार हात जोडून करायचा, वाकून नाही. बारावी झाले, बालवाडीचा कोर्स केला आणि धुळ्याच्या एका संस्थेत अर्ज टाकला. संस्थेच्या संस्थापकांना सगळे भाऊ म्हणत. हायस्कुलातली कायमची नोकरी सोडून त्यांनी हे काम उभं केलं होतं. अंगात खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला, आवाज असा की माइक लागत नसे. मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं, पिंपळनेरच्या पुढे एका पाड्यावर एकटी राहशील का? मी राहीन म्हटलं. निघताना बाकीच्या मुली त्यांच्या पाया पडल्या, मी हात जोडले. भाऊ हसून शेजारच्यांना म्हणाले, "हिला कणा आहे, हिला घ्या."

त्यांच्याबद्दल वाकडं लिहायला माझा हात सहज उठत नाही. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापाने गाठलं, तेव्हा गाडीरस्ता संपल्यावर पुढचं सगळं अंतर हा माणूस चिखल तुडवत आला आणि मला बैलगाडीत घालून पिंपळनेरच्या दवाखान्यात घेऊन गेला. रात्रभर बाकावर बसून राहिला. मला ते वडिलांच्या जागी होते. म्हणूनच जे झालं ते इतकं झोंबलं, परक्याचं झोंबत नाही.

संस्थेत कामाची एक पद्धत होती. दर शनिवारी धुळ्याच्या कार्यालयात बैठक व्हायची. सगळे सतरंजीवर बसत, भाऊही सतरंजीवरच, खुर्ची कुणालाच नाही. एकेकाने आठवड्याचं काम सांगायचं आणि काय ठरवायचं असेल ते भाऊंपुढे ठेवायचं. भाऊ डोळे मिटून ऐकत आणि मग ठरवत. बालवाडीला होळीची सुट्टी एक दिवस की दोन, हे भाऊ ठरवत. मुलांना गूळ-शेंगदाणे द्यायचे की मुरमुरे, तेही भाऊच. लेटरहेडचा एक पॅड प्रत्येकाकडे असे, पण त्यावर फक्त भाऊंना अहवाल लिहायचा. बाहेर कुणालाही पत्र जायचं असेल तर सही एकट्या भाऊंची. त्यामुळे गावात कुणी काहीही विचारलं की आमच्या तोंडी एकच वाक्य असायचं, भाऊंना विचारून सांगते. सुरुवातीला मला ते जड जायचं. वर्षभरात ते इतकं अंगवळणी पडलं की एकदा असोद्याला आईने भाजी कुठली करू विचारलं, तर तेच वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

पाड्यावर चाळीसेक घरं होती. घरात त्यांची बोली निराळी, माझ्याशी त्या अहिराणीत बोलायच्या, आणि माझी असोद्याकडची अहिराणी ऐकून तोंडाला पदर लावून हसायच्या. बालवाडीच्या जोडीला मी तिथे महिला मंडळ काढलं. अध्यक्ष केली ती पन्नाशीची एक उंच, रापलेली बाई, सगळा पाडा तिला अक्का म्हणे. अक्काला अक्षर येत नव्हतं, पण भांडण मिटवायला, जनावराचा पाय बसवायला, अडलेल्या बाईजवळ बसायला तिलाच बोलावत. ती फार बोलायची नाही. बोलली की पुन्हा कुणी बोलायचं नाही.

त्या भागात व्यापारी फिरायचे. मोहाची फुलं, चारोळी, डिंक यांचे सौदे करायचे, गोड बोलून कागदावर अंगठा घ्यायचे आणि मग तो कागद दाखवून भाव पाडायचे. मी बायकांना बजावलं, कुणीही शहरातला माणूस आला, कागद काढला, काही कबूल करा म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका. भाऊंना विचारून सांगतो म्हणा. बायकांनी ते घोकून पाठ केलं. दोन व्यापारी त्या वाक्यामुळे हात हलवत परत गेले, तेव्हा मी शनिवारच्या बैठकीत ते अभिमानाने सांगितलं. भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "छान."

पाड्याचं खरं दुखणं पाण्याचं. खालच्या गावात विहीर होती, टाकी होती. पाड्यावर नाल्यातला झिरा. उन्हाळ्यात वाळू उकरायची, बसून राहायचं, तळाशी पाणी जमलं की वाटीने हंड्यात भरायचं. एका हंड्याला तास जायचा. लहान मुलींना त्यासाठीच घरी ठेवत, म्हणून माझ्या बालवाडीत मुलगे जास्त आणि मुली कमी. हातपंपासाठी संस्थेने अर्ज केलेला होता आणि त्यालाही दोन वर्षं झाली होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात मी बहिणीच्या लग्नाला असोद्याला गेले होते. त्या चार दिवसांत पाणीपुरवठ्याची जीप पाड्यावर आली. बोअरची गाडी जवळच्या गावात आली होती, साहेबांच्या यादीत पाड्याचं नाव होतं. साहेबांनी विचारलं, मंडळाची अध्यक्ष कोण? अक्का पुढे झाली. साहेब म्हणाले, जागा दाखवा, देखभालीची हमी द्या, उद्या बोअर मारून टाकू.

अक्काने पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊले इचारीसन सांगसू."

"कोण भाऊ?"

"धुयाना."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, यादीवर रेघ मारली आणि जीप निघून गेली. भाऊ तेव्हा दिल्लीला एका परिषदेत होते. गाडीने त्या आठवड्यात दुसऱ्या तीन गावांत बोअर मारले आणि ती नंदुरबारच्या बाजूला गेली. मी परतले, तेव्हा अक्का मला सामोरी आली आणि सगळं सविस्तर सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "मी बरोबर सांगं ना, बाई?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक हो म्हटलं असेल. बालवाडीच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि मी रडले, रागाने रडले. ज्या बाईच्या शब्दापुढे पाड्यावर कुणी जात नसे, तिला मी तीन वर्षांत विचारायला शिकवलं होतं. व्यापारी आणि पाणी देणारा साहेब यांच्यात फरक करायला शिकवलंच नव्हतं, कारण तो मलाही करता येत नव्हता. मी तिथे असते, तरी मीही हेच म्हटलं असतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मुंबईच्या देणगीदार संस्थेच्या एक बाई काम बघायला आल्या. कामावर खूश झाल्या. शनिवारच्या बैठकीत आमच्याबरोबर सतरंजीवर बसून त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, तुमच्यानंतर कोण?" भाऊ हसले. आम्ही सगळे सतरंजीची किनार बघत राहिलो. बाईंनी पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या की पुढच्या मदतीसाठी दुसरी फळी तयार करणं गरजेचं आहे, त्यासाठी वेगळा निधी देऊ. महिन्याभरात शिबिर ठरलं.

धुळ्यातल्या एका मंगल कार्यालयात तीन दिवस आम्ही पंधरा-सोळा कार्यकर्ते जमलो. नाशिकहून प्रशिक्षक आले होते, तरुण, उत्साही, दाढीवाले. त्यांनी डोळे बांधून चालायचा खेळ घेतला, वर्तमानपत्राचा मनोरा करायला लावला, एकमेकांच्या हातांवर मागे पडायला लावलं. जेवणाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती, त्यामुळे दुपारच्या सत्रात निम्मी फळी पेंगत असे. भाऊंना गुडघ्यांचा त्रास सुरू झाला होता म्हणून त्यांच्यासाठी मागे एक खुर्ची ठेवली होती. ते तीनही दिवस पूर्णवेळ हजर होते. प्रशिक्षकांनी काही विचारलं की पंधरा माना आधी मागे वळत आणि मग उत्तर येई. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी अदबीने भाऊंना चहाला बाहेर पाठवलं. त्यानंतर सभागृहात कुणीच काही बोलेना. प्रशिक्षकांनी खडू खाली ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला आणि शेवटी स्वतःच जाऊन भाऊंना बोलावून आणलं.

तिसऱ्या दिवशी शंकासमाधान होतं. मी हात वर केला. "आम्ही एखादा निर्णय घेतला आणि तो भाऊंना पटला नाही, तर काय करायचं?"

प्रशिक्षक भाऊंकडे बघायला लागले. भाऊ खुर्चीतून म्हणाले, "अगं, निर्णय चांगला असेल तर मला का पटणार नाही?"

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. संध्याकाळी सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं मिळाली, नेतृत्व विकास शिबिर यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल. खाली सही भाऊंची.

पाड्यावर परतल्यावर मी बायकांना गोळा केलं आणि सांगितलं की ते पाठ केलेलं वाक्य आता विसरा. कुणी काही विचारलं तर आधी तुम्ही आपसात बसा, बोला, ठरवा. अक्काने विचारलं, मग भाऊ रागावणार नाहीत का? मी म्हटलं, रागावले तर माझ्यावर रागावतील. हे बोलायला फार सोपं होतं, चार महिने काहीच घडलं नाही.

मग चैत्रात जीप पुन्हा आली. तेच साहेब, मी या वेळी हजर. ते खाली उतरलेच नाहीत, दारातून म्हणाले, "बाई, भूजलवाल्यांनी दोन जागा दाखवल्या आहेत. एक इथे पाड्यावर बांधाजवळ, एक खालच्या गावात सरपंचांच्या गल्लीत. बोअर एकच मिळणार. चार वाजेपर्यंत जागेच्या मालकाची संमती आणि संस्थेच्या देखभालीची हमी माझ्या हातात पडली तर इथे, नाहीतर गाडी खाली लावतो."

अकरा वाजले होते. फोन पिंपळनेरच्या पोस्टात. जायला बस दुपारी, ट्रंक कॉल लागायला तास लागो की तीन लागोत, परत येणारी बस सहाची. मी अक्काकडे पाहिलं. अक्काने बायकांना मोहाच्या झाडाखाली बोलावलं.

मी बाजूला बसले आणि तोंड बंद ठेवलं. आयुष्यात मी केलेल्या अवघड कामांपैकी ते एक होतं. बांध होता अक्काच्या चुलत दिराचा. माणूस किरकिऱ्या, आज संमती देईल आणि उद्या पंपाला काटेरी कुंपण घालील असं बायकांचं म्हणणं. एकीने सरळ सांगितलं, त्याच्या दारात हात पसरण्यापेक्षा झिरा बरा. अर्धा तास वाद झाला. मग अक्काने त्यालाच बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं.

"बांध तुना, पानी बठ्ठास्नं," ती म्हणाली, म्हणजे पाणी सगळ्यांचं. "कबूल शे का?"

तो इकडेतिकडे बघत राहिला. अक्का त्याच्यासमोरून हलली नाही. शेवटी तो म्हणाला, "कबूल शे."

त्याचा अंगठा घेतला, बायकांचे अंगठे घेतले. उरली संस्थेची हमी. मी पॅड काढला. संस्थेच्या नावाखाली, नोंदणी क्रमांकाखाली, मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की या हातपंपाच्या देखभालीची जबाबदारी ही संस्था घेत आहे, आणि खाली स्वतःची सही केली. सही नीट आली. चारला दहा मिनिटं कमी असताना साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. सकाळपासून नुसती राखाडी धूळ उडत होती, माणसं, झाडं, बकऱ्या सगळं एका रंगाचं झालं. कोरडं गेलं असतं तर सगळं माझ्या डोक्यावर येणार होतं आणि यायलाही हवं होतं. तीनच्या सुमारास धूळ ओली झाली, मग चिखल आला, मग पाणी. कुणी नाचलं नाही. बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. अक्का पुढे गेली, ओंजळीत पाणी घेतलं, गाळ खाली बसू दिला आणि प्यायली.

"गोड शे," ती म्हणाली.

गाडीवाल्यांनी भोकावर झाकण लावलं. पंप बसवायला दुसरी टोळी पंधरा दिवसांनी येईल, कागदपत्रं साक्रीला पंचायत समितीत जातील, असं सांगून ते गेले.

त्याच शनिवारी धुळ्याला निरोप पोचला होता. सरपंच स्वतः जाऊन आले होते. त्यांनी खालच्या गावात संस्थेला दोन एकर जागा देऊ केली होती, प्रशिक्षण केंद्रासाठी. त्या केंद्रात खेड्यापाड्यांतल्या बायकांना नेतृत्वाचं शिक्षण मिळणार होतं, मुंबईच्या बाईंना तो प्रस्तावही गेला होता. जागेच्या बदल्यात भाऊंनी सरपंचांना बोअरचा शब्द दिला होता. हे मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं, भाऊंनी ते एकट्याने ठरवलं होतं.

बैठकीत मी बसताच भाऊंनी कागद पुढे सरकवला. मला अधिकार नसताना मी संस्थेच्या लेटरहेडवर सही केली, ती सही संस्थेवर बंधनकारक नाही, झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे. खाली टिंबांची रांग.

"भाऊ, हा कागद कुठे जाणार?"

"साक्रीला."

"म्हणजे हमी रद्द. पाड्यावरच्या भोकावर झाकण तसंच राहणार आणि खालच्या गावात दुसरा बोअर मारून पंप तिथे बसणार."

"मी शब्द दिला होता. दोन एकर जागा मिळत होती. तिथे किती बायका तयार झाल्या असत्या, याचा विचार केलास?"

"पाड्यावरच्या झाल्यात तयार. जागा त्यांनी ठरवली, मालकाकडून चारचौघांत कबूल करून घेतलं. मी नुसती सही केली."

"मला विचारायला हवं होतंस."

"वेळ नव्हता."

भाऊंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत बैठकीत मी त्यांचे डोळे उघडे पाहिल्याचं आठवत नाही. "वेळेचं कारण सांगू नकोस. विचारायचंच नाही, असं तू ठरवलं होतंस."

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मला खोटं बोलता आलं असतं आणि कदाचित नोकरी वाचली असती. मी म्हटलं, "हो. फोन हाताशी असता तरी केला नसता. तुम्ही नाही म्हणाला असतात."

कुणीतरी खाकरलं. माझ्या शेजारी आमचे सर्वांत जुने कार्यकर्ते बसले होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. पाड्यावर पहिल्या दिवशी मला सोडायला तेच आले होते, झिऱ्याचं पाणी तेही प्यायले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. नाना बशीतला चहा फुंकत राहिले. चहा केव्हाच निवला होता.

"शिबिरातून हेच शिकलीस?" भाऊंनी विचारलं.

"हेच शिकले. तुम्ही मागे खुर्चीत होतात."

मी कागदाची घडी केली नाही की तो फाडला नाही. होता तसा त्यांच्याकडे सरकवला. भाऊ त्या टिंबांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि तेच मला सहन होईना. ते म्हणाले, "मग तुझी इथे गरज नाही." मी हात जोडले आणि बाहेर आले.

स्टँडवर नाना धापा टाकत माझ्या मागे आले. म्हणाले, "पोरी, तुझं बरोबर होतं."

"नाना, हे आत म्हणायचं होतं."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. ते वयाने माझ्या वडिलांएवढे होते, मला पुढे त्याचं वाईटही वाटलं. पण ते वाक्य मी आजही परत घेणार नाही.

वडिलांना कळवायला असोद्याला गेले, दहा-बारा दिवस तिथे राहिले. मग सामान आणायला पाड्यावर निघाले. एक ट्रंक, एक स्टोव्ह, पुस्तकांचं खोकं. वाटेत पिंपळनेरला बाजार भरला होता, आणि बाजारातच कानावर आलं की बाईची सही रद्द झाली असं सरपंच सगळीकडे सांगत फिरताहेत. माझ्या सहीची किंमत तेवढीच होती तर. संस्थेने मला काढल्याचं पत्र साक्रीला गेलं असणार, पंप गेला असणार. पाड्यापर्यंतच्या चढावर मी मनाशी जुळवत होते की बायकांना हे कसं सांगायचं. मी माफी मागितली नाही, हे त्यांना सांगायचं होतं. माफी न मागता पाणीही गेलं, हे कसं सांगायचं ते सुचत नव्हतं.

वर पोचले तर बांधाजवळ सिमेंटचा ओटा ओला होता आणि पंप बसलेला होता. ओट्यावर कुणी चढू नये म्हणून भोवती काटक्या रोवल्या होत्या. अक्का सावलीत बसून राखण करत होती.

मी विचारलं, हे कसं झालं? तिने सांगितलं, अगदी थोडक्यात. सरपंचाची बडबड मागच्या बाजारात ऐकली, तेव्हाच चौघीजणी ठरवून साक्रीला गेल्या. पाड्यावरच्या एका सातवी झालेल्या सुनेने अर्ज लिहिला की संस्थेची हमी नको, देखभाल आमचं महिला मंडळ करील. पंचायत समितीतल्या कारकुनाने त्यांना बाहेर बसवून ठेवलं. त्या दुपारपर्यंत बसल्या. दुपारनंतर त्याने अर्जावर शिक्का मारून दिला.

"तुम्ही कुणाला विचारलं होतं का?" मी म्हटलं. खरं सांगते, मला म्हणायचं होतं, मला का नाही विचारलं.

"कोनले इचारानं?" अक्का म्हणाली. "पानी आम्हनं शे."

मग मी तिला माझं सांगितलं. कागद, बैठक, नोकरी गेली ते सगळं. तिने ऐकून घेतलं. माझी बाजू घेऊन ती दोन शिव्या तरी देईल अशी माझी अपेक्षा होती. ती उठली, माझी ट्रंक एका हाताने उचलून तिने वजन पाहिलं, आणि खालच्या रस्त्यापर्यंत पोचवायला कुणाला सांगायचं याचा विचार करू लागली. थोड्या वेळाने विचारलं, "तुनी जागावर आते कोन?"

मी म्हटलं, संस्था कुणालातरी पाठवेल. नसेल कुणी तर मी भाऊंना पत्र लिहीन, शेवटचं म्हणून, की पाडा रिकामा ठेवू नका.

"कोनी नको," अक्का म्हणाली. "आम्ही शेतस ना."

ट्रंक डोक्यावर घेऊन एक बाई पुढे निघाली, मी मागे. कुणी रडलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. मला फार लागलं ते. चार वर्षं मी तिथे काढली होती, ताप काढले होते, नोकरी घालवली होती, आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडणार नाही हे त्या बाईने मला तोंडावर सांगितलं होतं. उतारावर मी दोनदा डोळे पुसले. रस्त्यावर आल्यावर एकदम डोक्यात लख्ख झालं. भाऊंनी सगळं आयुष्य या कामात घातलं होतं, आणि त्यांना हे वाक्य अजून कुणी ऐकवलं नव्हतं. मला ते चार वर्षांत ऐकायला मिळालं होतं.